जुनं प्लग-इन वाजतंय तोवर वाजवा, पण धंदा त्याच्यावर टांगू नका



घरातल्या एका खोलीत छोटा स्टुडिओ टाकायचा विचार करणाऱ्यांचे प्रश्न हल्ली खूप येतात. माइक कुठला घेऊ, खोलीला फोम लावू की गोधडी पुरेल, प्लग-इन कुठली टाकू. सगळे प्रश्न बरोबर आहेत. पण एक प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही, आणि माझ्या मते धंदा करणाऱ्याने तोच आधी विचारला पाहिजे: आज मी जी फाइल सेव्ह करतोय, ती पाच वर्षांनी उघडेल का?

व्हिडिओमध्ये हा मुद्दा दोन मिनिटांत उरकला होता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या फॉरमॅटची प्लग-इन वापरण्यात कमीपणा काहीच नाही. आवाज चांगला येत असेल तर बिनधास्त वापरा. पण ग्राहकाला दिलेला शब्द त्या जुन्या प्लग-इनच्या भरवशावर ठेवू नका. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळला, त्याचा स्टुडिओ टिकतो.

रिपीट ऑर्डरचं गणित

छोट्या स्टुडिओचं काम काय असतं? दुकानाची जिंगल, गणेश मंडळाचं गाणं, शाळेच्या गॅदरिंगचा ट्रॅक, भक्तिगीतांचा अल्बम, शॉर्ट फिल्मचं पार्श्वसंगीत, निवडणुकीच्या रिक्षावरचं प्रचारगीत. यातला बराचसा ग्राहक परत येतो. आणि परत येताना काय म्हणतो? "दादा, तीच जिंगल ठेवा, फक्त मोबाइल नंबर बदला." किंवा "तेच गाणं, मंडळाचं हे पंचविसावं वर्ष आहे तेवढं घाला."

आता हिशेब करू. समजा, पहिली जिंगल 8000 रुपयांना केली आणि तिला 12 तास लागले. म्हणजे तासाला साधारण 667 रुपये पडले. पुढच्या वर्षी नंबर बदलायचे 1500 रुपये घेतले आणि काम 40 मिनिटांत झालं. तासाचा दर झाला 2250 रुपये. तिपटीहून जास्त! नवीन ग्राहक शोधायचा खर्च नाही, चाल लावायची नाही, समजावत बसायचं नाही. धंद्यातला सगळ्यात गोड पैसा हाच.

पण प्रोजेक्ट उघडला आणि स्क्रीनवर आलं की अमुक प्लग-इन सापडत नाही, तर? ती बासरी ज्या प्लग-इनमधून आली होती, ते नव्या सॉफ्टवेअरमध्ये लोडच होत नाही. मग बसा तसाच आवाज शोधत. सहा तास गेले तर तोच 1500 चा जॉब तासाला 250 रुपयांवर येतो. वर ग्राहक म्हणणार, "आधीसारखं वाटत नाही हो." त्याचंही बरोबर आहे. त्याने तीच जिंगल मागितली होती.

तुम्ही म्हणाल, असं कशाला होईल? म्हणून आधी हे प्रकरण नीट समजून घेऊ.

फॉरमॅट म्हणजे काय, आणि तो जुना कसा होतो

ज्या सॉफ्टवेअरमध्ये आपण गाणं बनवतो, क्युबेस, रीपर, लॉजिक, एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह वगैरे, ते म्हणजे स्वयंपाकघर समजा. प्लग-इन म्हणजे त्यात जोडायची यंत्रं: कोणी मिक्सर, कोणी ग्राइंडर. बासरीचा आवाज देणारं प्लग-इन, आवाजाला घुमारा देणारं प्लग-इन, आवाज दाबून सारखा करणारं प्लग-इन. आणि फॉरमॅट म्हणजे भिंतीतलं सॉकेट. यंत्र कितीही चांगलं असो, पिन सॉकेटात बसली नाही तर ते नुसतं शोभेला.

सगळ्यात जास्त चाललेलं सॉकेट म्हणजे व्हीएसटी. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने ते 1996 मध्ये आणलं. 1999 मध्ये व्हीएसटी 2 आलं, त्यामुळे सॉफ्टवेअरमधली वाद्यं कीबोर्डवरून वाजवता येऊ लागली आणि घरगुती स्टुडिओची खरी लाट सुरू झाली. 2008 मध्ये व्हीएसटी 3 आलं. नियमाप्रमाणे तेव्हाच जुनं सॉकेट मागे पडायला हवं होतं. पडलं नाही. व्हीएसटी 2 प्रोग्रामरांना सोपं वाटायचं, सगळीकडे चालायचं, हजारो प्लग-इन त्यात तयार होती. मग चालू आहे ते कोण बदलतो?

शेवटी मालकानेच दार लावायला घेतलं. ऑक्टोबर 2018 पासून स्टाइनबर्गने व्हीएसटी 2 साठी नवे परवाने देणं बंद केलं. ज्यांनी आधी करार केला होता ते चालू राहिले, पण नव्याने प्लग-इन बनवणाऱ्याला कायदेशीरपणे फक्त व्हीएसटी 3 चा रस्ता उरला. जानेवारी 2022 मध्ये कंपनीने जाहीर केलं की येत्या 24 महिन्यांत आपल्या स्वतःच्या उत्पादनांतून व्हीएसटी 2 काढत नेणार, आणि ॲपलच्या नव्या चिपवर मूळ रूपात चालणाऱ्या आवृत्तीत तर फक्त व्हीएसटी 3 च चालणार.

दुसऱ्या कंपन्यांचंही असंच. ॲपलच्या लॉजिकला ऑडिओ युनिट्स हेच सॉकेट लागतं. प्रो टूल्सने 2013 मध्ये 11 वी आवृत्ती आणली, तेव्हा आरटीएएस हा त्यांचा जुना फॉरमॅट बंद झाला आणि एएएक्स सक्तीचा झाला. ज्यांची सगळी यंत्रं आरटीएएसची होती, त्यातले कितीतरी स्टुडिओ पुढे अनेक वर्षं 10 व्या आवृत्तीवरच बसून राहिले.

"जुनं" चार प्रकारचं असतं

आपल्याकडे सरसकट "जुनं प्लग-इन" म्हणतात आणि सगळ्यांना एकच औषध सांगतात. चूक आहे ते. चार वेगवेगळे आजार आहेत.

पहिला, 32 बिट. ही सगळ्यात जुनी मंडळी. 32 बिटच्या प्रोग्रामला मुळात 4 जीबीच्या पुढे मेमरी धरता येत नाही, म्हणून सगळे 64 बिटकडे गेले. लॉजिकने 2013 मध्ये, क्युबेसने 2016 च्या 9 व्या आवृत्तीत, एबलटनने 2018 च्या 10 व्या आवृत्तीत 32 बिट सोडलं. मॅकवर तर 2019 च्या कॅटालिनापासून 32 बिटचं कुठलंच सॉफ्टवेअर चालत नाही. विंडोजवर अजून रस्ता आहे. रीपरसारखी सॉफ्टवेअर आतल्या पुलावरून 32 बिट प्लग-इन चालवतात, जे-ब्रिजसारखे वेगळे पूलही मिळतात. पण पूल तो पूल. एक-दोन गाड्या जातात, ट्रकांची रांग लावली की हलायला लागतो.

दुसरा, व्हीएसटी 2, पण 64 बिट. हे आजही बऱ्याच ठिकाणी व्यवस्थित चालतं. इथे घाई नाही, पण दिशा कुठली आहे ते वर सांगितलं.

तिसरा, इंटेल मॅकसाठी बनवलेली प्लग-इन. नोव्हेंबर 2020 मध्ये ॲपलने स्वतःची एम 1 चिप आणली. जुनी प्लग-इन रोझेटा 2 नावाच्या दुभाष्यामार्फत चालतात. आता ॲपलने सांगून टाकलंय की सर्वसाधारण वापरासाठी हा दुभाषी मॅकओएस 27 पर्यंतच. म्हणजे मॅकवाल्यांच्या कॅलेंडरवर तारीख लागलेली आहे.

चौथा, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट: कंपनीच उठून गेली. प्लग-इन तुमच्याकडे आहे, बिल आहे, पण नव्या कॉम्प्युटरवर टाकताना ते इंटरनेटवरून परवानगी मागतं आणि समोर परवानगी देणारं कोणी नाही. कॅमल ऑडिओ नावाची छोटी कंपनी होती, अल्केमी हा तिचा सिंथेसायझर लोकप्रिय होता. 2015 च्या सुरुवातीला ती ॲपलकडे गेली. त्याच वर्षी अल्केमी लॉजिकच्या आत दिसू लागला, आणि विंडोजवाल्यांसाठी पुढचा रस्ता संपला. याआधी 2002 मध्ये लॉजिकचंच तसं झालं होतं. ॲपलने एमॅजिक ही कंपनी घेतली आणि विंडोजवरचं लॉजिक बंद केलं. वापरणाऱ्याची चूक काय? काहीच नाही. पण किल्ली त्याच्या हातात नव्हती.

जुन्याच्या बाजूने बोलायचं तर

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर मी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचा एजंट वाटेन.

पहिलं म्हणजे फॉरमॅट बदलला म्हणून आवाज सुधारत नाही. एकाच प्लग-इनची व्हीएसटी 2 आणि व्हीएसटी 3 आवृत्ती घेतली, तर आवाज बनवणारं आतलं गणित सहसा तेच असतं. बदलते ती पिन. व्हीएसटी 3 चे फायदे आहेत. आवाज येत नसेल तेव्हा प्लग-इन झोपू शकतं, त्यामुळे प्रोसेसरवरचा भार कमी होतो. एका ट्रॅकच्या इशाऱ्यावर दुसरा ट्रॅक दाबणं, म्हणजे साइडचेन, सरळ होतं. पण हे सगळं सोयीचं आहे. "व्हीएसटी 3 घ्या, साउंड खुलतो" असं सांगणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकतोय.

दुसरं, हाताची सवय. ज्या यंत्रावर पाच वर्षं हात बसलाय, तिथे काम पटकन होतं. आणि वेळ म्हणजे पैसा, हे आपण इथे रोज घोकतो.

तिसरं, पैसा. सुरुवातीला खिशात 40-50 हजार असतात. त्यात कॉम्प्युटर, माइक, हेडफोन, ऑडिओ इंटरफेस. शे-दीडशे डॉलरचं नवीन प्लग-इन घ्यायला कोणाला परवडतं? मोफतची जुनी प्लग-इन हजारो आहेत, आणि त्यातली काही खरंच भारी आहेत.

हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. म्हणूनच मी "सगळं अपडेट करा" असं म्हणत नाही. उलट, चालू काम अर्धवट असताना अपडेटचं बटण दाबणाऱ्याला मी आधी थांबवेन.

खरा धोका वयाचा नाहीच

इथे एक गंमत बघा. मिडी कधीचं आहे? 1983. वेव्ह फाइल कधीची? 1991. व्हीएसटी 2 पेक्षा दोन्ही जुनी. तरी तीस-चाळीस वर्षांनंतर आजही कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये वेव्ह फाइल टाका, वाजते. 1980 च्या दशकातला मिडी कीबोर्ड योग्य केबलने जोडा, वाजतो. मग म्हातारं कोण आणि तरुण कोण?

म्हणजे जुनं असणं हा दोष नाही. प्रश्न आहे तो अडकून असण्याचा. वेव्ह फाइलला वाजण्यासाठी एका कंपनीची, एका परवान्याची, एका सर्व्हरची गरज नाही. प्लग-इनला आहे. त्याला तेच सॉकेट लागतं, तीच चिप लागते, तीच कंपनी जिवंत लागते. जितक्या जास्त गोष्टी बाहेरच्यांच्या हातात, तितका धोका जास्त. हे फक्त संगीताला लागू नाही, कुठल्याही धंद्याला लागू आहे. एकाच पुरवठादारावर चालणारं किराणा दुकान आणि एकाच प्लग-इनवर चालणारा स्टुडिओ, दोघांचा आजार एकच.

ज्यांचा संगीताशी संबंध नाही, त्यांनी गावातल्या डीटीपीवाल्याला विचारावं. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती 7.0, ती 2001 मध्ये आली. तरी आपल्याकडे लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक त्यात वर्षानुवर्षं लागत राहिले, तेही युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये. काम झकास व्हायचं. पण आज त्या जुन्या अंकातला एखादा लेख वेबसाइटवर टाकायचा म्हटलं की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. मजकूर डिस्कवर आहे, पण हाताला लागत नाही. ज्याने त्या वेळी पीडीएफ काढून ठेवली, त्याच्याकडे निदान पान जसंच्या तसं दिसतं, छापता येतं. प्लग-इनच्या दुनियेत वेव्ह म्हणजे ती पीडीएफ.

"लाइफटाइम" म्हणजे कोणाचं लाइफ?

बीबीएला आम्हाला ग्राहकाच्या बाजूने विचार करायला शिकवलं, पण आपणही कोणाचे तरी ग्राहक असतो हे विसरायला होतं. म्हणून ही एक गोष्ट.

केकवॉक ही अमेरिकेतली जुनी म्युझिक सॉफ्टवेअर कंपनी. पुढे ती गिटार बनवणाऱ्या गिब्सनकडे आली. 2016 मध्ये त्यांनी सोनार प्लॅटिनम या सॉफ्टवेअरला आयुष्यभराचे अपडेट देऊ केले. नोव्हेंबर 2017 मध्ये गिब्सनने जाहीर केलं की केकवॉकची उत्पादनं बनवणं बंद करतोय. दीड वर्षात आयुष्य संपलं! 2018 मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते विकत घेऊन लोकांना मोफत वापरायला दिलं, म्हणून वापरणारे वाचले. पण तो नशिबाचा भाग झाला. नशिबावर व्यवसायाची योजना करता येत नाही.

यातून कंपन्या वाईट असतात असा अर्थ काढू नका. कंपनीसुद्धा तुमच्या-माझ्यासारखा धंदाच आहे. परवडलं नाही की शटर खाली. म्हणून कोणाच्याही "लाइफटाइम"वर आपल्या ग्राहकाचं काम ठेवायचं नाही, एवढंच.

चांगली बातमीही आहे. जून 2022 मध्ये जर्मनीतल्याच बिटविग आणि यू-ही या दोन कंपन्यांनी क्लॅप नावाचं खुलं सॉकेट आणलं. त्याचा परवाना इतका मोकळा आहे की एक मालक दार लावू शकत नाही. पुढे 2025 मध्ये स्टाइनबर्गनेही व्हीएसटी 3 तशाच मोकळ्या परवान्याखाली आणलं. हा बदल मला कुठल्याही नव्या फीचरपेक्षा मोठा वाटतो, कारण किल्ली हळूहळू वापरणाऱ्यांच्या बाजूला सरकतेय.

क्रॅकबद्दल स्पष्टच बोलतो

माझ्या दुकानात कॉम्प्युटर घेऊन येणाऱ्या होतकरू स्टुडिओवाल्यांपैकी काही जण म्हणतात, "नवीन विंडोज टाका, पण माझी प्लग-इन जाता कामा नयेत." खोलात गेलं की कळतं, ती प्लग-इन क्रॅकची आहेत. अपडेट केलं तर बंद पडतात, म्हणून सगळं मशीन जुन्यावर गोठवून ठेवलेलं. म्हणजे जुन्या फॉरमॅटवर राहण्याचं कारण आवाजही नाही आणि सवयही नाही. कारण फुकट हे आहे.

इथे मी उपदेश करत नाही, धोका किती ते सांगतो. आपल्या कॉपीराइट कायदा 1957 मध्ये कलम 63 बी आहे. माहीत असून सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत कॉम्प्युटरवर वापरली तर किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि किमान 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर कोर्ट कैद माफ करू शकतं. धंद्यासाठी असेल, तर ती सवलत नाही. तुम्ही ग्राहकाकडून पैसे घेताय, बिल देताय, म्हणजे तुम्ही कुठल्या रांगेत उभे आहात ते तुम्हीच ठरवा.

आणि पर्याय नाहीत असं नाही. रीपर आधी वापरून बघता येतं, आणि ज्याच्या धंद्याची वर्षाची उलाढाल 20 हजार डॉलरच्या आत आहे त्याला त्याचा परवाना 60 डॉलरला मिळतो. मोफत आणि कायदेशीर प्लग-इन तर ढीगभर आहेत. सुरुवात त्यांच्यावर करा. पैसे आले की एकेक विकत घ्या. सॉफ्टवेअरवर आयकरात 40 टक्के दराने घसारा मिळतो. तुमच्या बाबतीत तो कसा लागू होतो ते सीएला विचारा, पण पक्कं बिल असल्याशिवाय काहीच मिळणार नाही.

मग करायचं काय?

मी सहा गोष्टी सांगतो. एकीलाही मोठा खर्च नाही.

एक. यादी करा. तुमच्या मशीनवर कोणती प्लग-इन आहेत, कुठल्या फॉरमॅटची, 32 की 64 बिट, लायसन्स कुठल्या ईमेलवर आहे. एक साधी एक्सेल शीट. दुकानात स्टॉक मोजतो ना, तसंच. विंडोजवर व्हीएसटी 2 ची फाइल डीएलएल असते आणि ती कुठल्याही फोल्डरमध्ये पडलेली असू शकते. व्हीएसटी 3 ला ठरलेली जागा असते. त्यामुळे शोधायला एक संध्याकाळ लागेल, जास्त नाही.

दोन. काम संपलं की छापून ठेवा. म्हणजे प्रत्येक ट्रॅक प्लग-इनच्या आवाजासकट वेव्ह फाइल म्हणून काढा. सगळ्या फाइल्स एकाच शून्य सेकंदापासून सुरू झाल्या पाहिजेत, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या की जागच्या जागी बसतात. इफेक्ट नसलेली कोरी प्रतही काढा. जागेची चिंता करू नका. 24 बिट, 48 किलोहर्ट्झची स्टिरिओ फाइल मिनिटाला साधारण 17 एमबी खाते. चार मिनिटांचं गाणं आणि 30 स्टिरिओ ट्रॅक धरले तरी 2 जीबीच्या आसपास. एक टीबीच्या डिस्कमध्ये अशी साडेचारशेहून जास्त गाणी बसतात. आणि डिस्क दोन घ्या. एक स्टुडिओत, एक दुसऱ्या घरी.

तीन. वाद्यांची मिडी फाइल वेगळी काढा आणि सोबत एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहा: टेम्पो किती, पट्टी कोणती, कुठल्या प्लग-इनचा कुठला आवाज वापरला. प्लग-इनच्या खिडकीचा स्क्रीनशॉटही ठेवा. उद्या ते प्लग-इन गेलं तरी सूर तुमच्याकडे असतील. दुसऱ्या बासरीवर वाजवता येतील.

चार. ज्या जुन्या प्लग-इनवर खरंच जीव आहे, त्यासाठी जुना कॉम्प्युटर मोडीत काढू नका. त्याला इंटरनेटपासून तोडा आणि वाद्य म्हणून ठेवा. विंडोज 7 चा सपोर्ट जानेवारी 2020 मध्ये संपला, विंडोज 10 चा सर्वसाधारण सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये. अशा मशीनवर बँकेचं काम आणि ग्राहकांचे ईमेल नकोत. पण तबल्यासारखा कोपऱ्यात ठेवून त्यातून आवाज रेकॉर्ड करून घ्यायला काय हरकत आहे?

पाच. नव्या प्रोजेक्टला नवा नियम. जुनं तसंच राहू द्या, पण उद्यापासून जो प्रोजेक्ट उघडाल त्यात एकाच प्लग-इनचे दोन फॉरमॅट असतील तर व्हीएसटी 3 निवडा. लक्षात ठेवा, जुन्या प्रोजेक्टमधलं व्हीएसटी 2 आपोआप व्हीएसटी 3 मध्ये बदलेल असं गृहीत धरू नका. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती दोन वेगळी यंत्रं असू शकतात. काही कंपन्यांनी आपोआप बदल होण्याची सोय दिलीय, काहींनी नाही. म्हणून आधी प्रत काढा, मग करून बघा.

सहा. वर्षातून एक दिवस तपासणीचा. दसऱ्याला आपण यंत्रांची पूजा करतोच. त्याच आठवड्यात जुने पाच प्रोजेक्ट उघडून बघा. जो उघडताना कुरकुर करतोय, त्याचे ट्रॅक तिथेच वेव्हमध्ये काढून मोकळे व्हा. जुनं मशीन चालू आहे तोवर हे तासाभराचं काम आहे. मशीन बंद पडल्यावर ते काम उरत नाही, पश्चात्ताप उरतो.

आणि याचे पैसे घ्या!

हा मुद्दा बहुतेक जण विसरतात. हे सगळं जपून ठेवणं ही सेवा आहे. कोटेशनमध्ये एक ओळ घाला: प्रोजेक्ट तीन वर्षं जपून ठेवू, या काळात नंबर, पत्ता किंवा नाव बदलायचा दर अमुक. तीन वर्षांनंतर जबाबदारी नाही, हवं असेल तर सगळ्या वेव्ह फाइल पेन ड्राइव्हवर देऊ, त्याचा दर तमुक. ग्राहकाला विश्वास वाटतो, तुम्हाला मर्यादा ठरवता येते. फोटो स्टुडिओवाले पूर्वी निगेटिव्ह जपून ठेवायचे आणि कॉपीचे पैसे घ्यायचे. तेच तत्त्व आहे.

काही जण म्हणतील, ट्रॅक ग्राहकाला दिले तर तो दुसऱ्याकडे जाईल. जाईलही. पण फाइल अडकवून ठेवून धरलेला ग्राहक मनाने कधीच गेलेला असतो. जुन्या प्लग-इनने आपल्याला अडकवलं म्हणून आपण वैतागतो, मग तेच आपण ग्राहकाला का करायचं?

शेवटी एवढंच

बाजारात दोन टोकाचे सल्ले मिळतील. एक म्हणेल, सगळं नवीन घ्या. दुसरा म्हणेल, चालतंय तर हात लावू नका. पहिल्यात खिसा रिकामा होतो, दुसऱ्यात एका सकाळी शटरच उघडत नाही. धंदेवाल्याचा रस्ता मधला आहे: जुनं मनापासून वापरा, पण त्याच्या पोटातला माल वेळेवर बाहेर काढून ठेवा.

ग्राहक तुमच्याकडे प्लग-इन विकत घ्यायला येत नाही. त्याला गाणं हवं असतं, आणि पुढच्या वर्षी तेच गाणं परत मिळेल ही खात्री हवी असते. आवाज बनवणारे गल्लोगल्ली आहेत, खात्री देणारे कमी. तुम्ही दुसऱ्या यादीत या.

या रविवारी एक काम करा. तुमचा सगळ्यात जुना प्रोजेक्ट उघडा आणि किती प्लग-इन सापडत नाहीत ते मोजा. आकडा कमेंटमध्ये लिहा. लाजू नका, इथे सगळे शिकायलाच आलेत. यादीची एक्सेल शीट कशी करायची ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर करून दाखवतो.

भेटू लवकरच. तोवर हिशेब चोख ठेवा आणि बॅकअप त्याहून चोख!